हरणाच्या शिकारीसाठी स्वस्तातली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: कुठली घ्यावी आणि पैसे कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, राहणं पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ, ऑफिसातला सहकारी दरवर्षी हरणाच्या शिकारीला जातो आणि यंदा त्याने बोलावलंय. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे, सगळं मिळून सातशे डॉलरच्या वर जायचं नाही. सहकारी स्वतःची जुनी रायफलही तीनशेत देतो म्हणतो. स्वस्तातली घेतली तर पस्तावायची वेळ येईल का?

नाही येणार. हल्लीची चारशे-पाचशे डॉलरची रायफल तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा चांगला नेम धरते. पस्तावायची वेळ येते ती दुसऱ्याच कारणांनी. त्यातलं एक माझ्या वाट्याला आलेलं आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी एवढं का ताणतोय ते कळेल.

मी मूळचा कुडाळकडचा. आमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, तिचा बार निघाला की अर्धी वाडी धुरात. त्यामुळे इथे आल्यावर बंदुकीची भीती नव्हती, उलट नको तेवढा आत्मविश्वास होता. दुसऱ्या वर्षी अकराशे डॉलर मोजून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असलेली सुरेख रायफल घेतली. पैसे तिथेच संपले, मग उरल्यासुरल्यात बसेल तो स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, आणि ती धरणाऱ्या स्वस्तातल्या रिंगा. दुकानदाराने जागेवरच बसवून दिला. मी दहा काडतुसं झाडली, बरी लागली, आणि पेटी बंद करून ठेवली.

त्या हंगामात पेरी काउंटीत सकाळी आठ वाजता मादी आली. सत्तर पावलांवर, पूर्ण आडवी उभी, मी बसलेलो, रायफल टेकवलेली. याहून सोपी संधी मिळत नाही. बार काढला, ती पाठ वाकवून दोन उड्यांत लॉरेलच्या जाळीत शिरली. जागेवर जाऊन पाहिलं तर रक्त काळपट आणि त्यात हिरवट कण. म्हणजे गोळी फुप्फुसात नव्हे, पोटात. अशा वेळी लगेच मागे धावायचं नसतं. जनावर घाबरून मैलभर जातं, आणि कुठेतरी पडून मरतं ते सापडतच नाही. चार तास थांबलो. मग माग काढत दुपारी साडेतीनला ती सापडली, जिवंत. दुसरी गोळी जवळून घालावी लागली. त्या शनिवारी रेंजवर गेलो तर गोळ्या नऊ इंच डावीकडे आणि खाली पडत होत्या. स्कोपचा बेस रायफलला ज्या स्क्रूंनी धरलेला असतो, त्यातला एक माझ्या नखाने फिरला.

अकराशेची रायफल, आणि घोळ घातला पाव डॉलरच्या स्क्रूने. दुकानदाराला मी दोष देत नाही, तपासायचं काम माझं होतं. तेव्हापासून मी नवख्यांना एकच सांगतो: रायफल स्वस्त घ्या, आणि वाचलेले पैसे तिच्या वर बसणाऱ्या आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींवर घाला. गेली आठ वर्षं शिकारी-प्रशिक्षणाच्या वर्गांना स्वयंसेवक म्हणून मदत करतो, तिथेही हेच बोलतो.

आता स्वस्त रायफल चांगली कशी असू शकते, ही शंका रास्त आहे. आपल्या डोळ्यांसमोर बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे पोलिसाच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री. ती याच कुळातली: बोल्टचा दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलला की नवं आत जातं, खाली दाबला की कुलूप बसतं. आजच्या शिकारी रायफली बहुतेक करून जर्मन माउझरच्या १८९८च्या रचनेवरून उतरल्या आहेत. सव्वाशे वर्षांत त्यात मूलभूत असं फार बदललेलं नाही. जे बदललं ते बनवण्याच्या पद्धतीत.

यात एक गोष्ट इंजिनीअर मंडळींना आवडेल. काडतूस नळीत बसल्यावर ते आणि बोल्टचं तोंड यांच्यातलं अंतर अगदी नेमकं लागतं. जास्त सैल झालं तर पितळी टोपण फाटू शकतं, घट्ट झालं तर बोल्ट बंदच होत नाही. पूर्वी हे अंतर कारागीर प्रत्येक रायफलीला हाताने जुळवायचा, आणि त्याच्या तासांचे पैसे आपण द्यायचो. सॅव्हेज कंपनीने १९५८ साली आणलेल्या ११० मॉडेलमध्ये नळीवर एक नट ठेवला. गेज आत घालायचा, नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची, नट आवळायचा, झालं. आपल्याकडे वर्कशॉपात ज्याला चेकनट म्हणतात तेच तत्त्व. कारागीर गेला, किंमत उतरली आणि अचूकपणा मात्र राहिला. पुढे इतरांनीही ही युक्ती उचलली. त्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली, लाकडाच्या जागी साच्यातला प्लास्टिकचा दस्ता आला. आज शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंच-दीड इंचात टाकणारी रायफल किराणा-सामान मिळतं तशी मिळते.

आणखी एक गोष्ट, आपल्या राज्यापुरती. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, प्रत्येक बारानंतर नवं काडतूस हाताने चढवावं लागेल अशीच हवी. त्यामुळे बोल्ट-अ‍ॅक्शन ही इथे नुसती आवड नाही. लिव्हर किंवा पंपवाली चालते, पण स्वस्तात नेम हवा तर बोल्टच. मात्र फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या भोवतालच्या काउंट्यांत हत्यारांचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या मित्राने बोलावलं तर आधी गेम कमिशनची, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याची, त्या वर्षीची पुस्तिका उघडा. ओहायोत तर सरळ पोटाच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या काडतुसांचीच रायफल लागते. तिकडे मेहुणा राहतो म्हणून इथली निमुळत्या काडतुसाची .३०८ रायफल गाडीत टाकून निघालात असं नको.

मॉडेलं. सॅव्हेज अ‍ॅक्सिस, रुगर अमेरिकन, मॉसबर्ग पेट्रिअट, विंचेस्टर एक्सपीआर. तुमच्या पैशांत बसणारी मुख्य मंडळी एवढीच, आणि यातली कुठलीही घेतली तरी हरणाला फरक कळणार नाही. तरी मत विचारलंय म्हणून सांगतो.

अ‍ॅक्सिस सगळ्यात स्वस्त. हाती घेतली की खेळण्यासारखी वाटते, आणि तिचा प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला खरोखरच लवचिक असतो. रायफल पुढच्या टोकावर टेकवली तर दस्ता वाकून नळीला लागतो आणि गोळी सरकते. उपाय फुकट आहे: टेकू मॅगझिनच्या जवळ घ्यायचा. नळी मोकळी आहे की नाही हे बघायला एक डॉलरची नोट नळी आणि दस्त्यामधून सरकवून बघा, अडकायला नको. घेताना अ‍ॅक्यूट्रिगर, म्हणजे सॅव्हेजचा जुळवता येणारा हलका चाप, असलेलीच घ्या. जुन्या साध्या अ‍ॅक्सिसचा चाप इतका जड असायचा की ओढता ओढता नेम हलायचा. सोबत स्कोप बसवून आलेला जोड असतो, त्याच्या मोहात शक्यतो पडू नका, कारण पुढे येतंच आहे.

रुगर अमेरिकन माझी आवडती. चाप घरच्या घरी तीन ते पाच पौंडांत जुळवता येतो, बोल्ट सत्तर अंशांतच उघडतो त्यामुळे स्कोपखाली बोटं अडकत नाहीत, थंडीत जाड हातमोजे घातलेले असताना हे फार जाणवतं. आता तिची दुसरी पिढी आली आहे, तिच्या सेफ्टीला तीन टप्पे आहेत आणि बोल्टला कुलूप लागतं. रानातून चालताना काट्याकुट्यांत बोल्ट आपोआप उघडला जात नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या पिढीतली दुकानात पडून असेल तर शे-दीडशे डॉलर वाचतात.

पेट्रिअट लाकडी दस्त्यात मिळते, भिंतीवर छान दिसते. दोनशे डॉलर जास्त घालायची तयारी असती तर फिनलंडची टिक्का सुचवली असती, तिचा बोल्ट लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. पण तुमच्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे.

खरं तर मॉडेलपेक्षा दुकानात खांद्याला लावून बघणं जास्त कामाचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचे हात इथल्या सहा फुटी गड्यांपेक्षा आखूड, आणि दस्ता लांब पडला की डोळा स्कोपला नीट लागत नाही. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर दस्ता तुमच्या मापाचा. शिवाय नोव्हेंबरअखेर अंगात तीन थर असतात, हे धरून बघा. आखूड दस्त्याच्या आवृत्त्या किशोरवयीन मुलांसाठी म्हणून विकतात. मोठ्या माणसाने घेतली तर कुणी हसत नाही, माझ्या बायकोची तीच आहे.

काडतुसाबद्दल लोक इथे देवस्थानांसारखे भांडतात. .३०-०६ हे १९०६चं, .२७० हे १९२५चं, .३०८ हे १९५२चं, .२४३ हे १९५५चं आणि ६.५ क्रीडमूर २००७चं. या पाचांपैकी कुठल्याही काडतुसाने पांढऱ्या शेपटीचं हरीण जागच्या जागी पडतं, गोळी योग्य जागी लागली तर. पेनसिल्व्हेनियाच्या रानात माझे बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतले आहेत. त्या अंतरात या सगळ्यांचा उतार इतका कमी की नवख्याने त्यावर विचार करायचीच गरज नाही. नवख्यासाठी खरा फरक दणक्याचा. हलक्या सात पौंडी रायफलीतून .३०-०६ झाडली की खांदा लक्षात ठेवतो, आणि चौथ्या-पाचव्या बारानंतर माणूस नकळत डोळे मिटून चाप झटकायला लागतो. ही खोड एकदा लागली की सुटायला वर्ष जातं. म्हणून ६.५ क्रीडमूर किंवा .३०८ घ्या. क्रीडमूरचा दणका कमी, .३०८चं काडतूस कुठल्याही खेड्यातल्या दुकानात मिळतं. .२४३चा दणका याहूनही कमी, पण हलकी गोळी हाडावर आदळली तर चुकीला जागा थोडी कमी राहते, म्हणून ते थोड्या अनुभवी हाताला बरं.

गोळी फुलणारी हवी, तसा नियमच आहे. रेंजवर स्वस्त मिळणारी पूर्ण आवरणाची लष्करी पद्धतीची गोळी आरपार जाते, छोटं भोक पाडते, आणि हरीण तासन्‌तास मरत राहतं. रेमिंग्टनची कोअर-लॉक्ट, फेडरलची पॉवर-शॉक, विंचेस्टरची पॉवर-पॉइंट असली साधी शिसेरी टोकाची गोळी पुरते. घरात लहान मुलं खाणार असतील तर तांब्याच्या गोळीचा विचार करा. शिशाची गोळी मांसात बारीक कण सोडते, ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि जखमेपासून बरेच लांबपर्यंत जातात. तांब्याची पेटी महाग पडते, पण हंगामात लागतात किती? दोन-तीन. मात्र गोळी बदलली की नेम पुन्हा लावावा लागतो, एकीवर लावलेला दुसरीला चालत नाही.

आता स्कोप, जिथे मी अडखळलो. रायफलीच्या निम्मे पैसे तरी स्कोपला ठेवा. ३-९ पट, ४० मिलिमीटरची पुढची काच, साधी फुली. लिओपोल्ड, व्होर्टेक्स, बरिस यांच्यात दीडशे ते तीनशेत चांगले मिळतात. जास्त पट घेऊ नका. रानात हरीण चाळीस यार्डांवर निघालं आणि स्कोप बारा पटीवर राहिला असेल तर नुसती केसाळ भिंत दिसते, पाय कुठला आणि मान कुठली कळत नाही. मी कायम तीनवर ठेवून चालतो. बेस आणि रिंगा पोलादी किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आणि आवळायला इंच-पौंडात मोजणारा टॉर्क पाना घ्या, चाळीस-पन्नास डॉलरला येतो. किती आवळायचं ते रिंगांच्या पाकिटावर छापलेलं असतं. स्क्रू तेल पुसून कोरडे करा, बेसच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) एक थेंब, आणि सगळं झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत नखरंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे स्क्रू फिरला. माझ्या तिन्ही रायफलींवर मरून रेघा आहेत, मुलीच्या बाटलीतल्या.

नेम लावायला बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये एक सोय असते. बोल्ट काढून घ्या, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि मागून नळीतून पंचवीस यार्डांवरचं टार्गेट बघा. नळीत ते मधोमध आलं की रायफल न हलवता स्कोपची फुली तिथे आणा. मग पंचवीसवर एक-दोन बार, जुळवाजुळव, आणि मगच शंभरवर. बहुतेक स्कोपचा एक क्लिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवतो. म्हणजे तिथे एका इंचाला चार क्लिक आणि पंचवीसवर सोळा. हे गणित विसरून लोक पेटीभर काडतुसं उडवतात. तीन बार, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा. स्वस्त रायफलीची नळी बारीक असते, तापली की गोळ्या भरकटतात आणि माणसाला वाटतं स्कोप बिघडला. हरणाला लागणारा बार नेहमी गार नळीतला पहिलाच असतो, त्यामुळे तो कुठे पडतो तेवढं पक्कं कळलं की झालं.

नेम लागला की टेबलावरून उठा. रानात टेबल नसतं. आठ इंची कागदी प्लेट लावा, हरणाचं काळीज-फुप्फुस साधारण तेवढ्या जागेत असतं. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारून बघा. पाचांपैकी पाच प्लेटीत बसतील तेवढं तुमचं अंतर. त्यापुढचं हरीण जाऊ द्यायचं, शिंगं कितीही मोठी असली तरी. नवख्याचं हे अंतर पहिल्या वर्षी साठ-सत्तर यार्ड निघतं, त्यात कमीपणा नाही. आणि घरी रिकाम्या रायफलीत डमी काडतुसं घालून बोल्ट ओढायची सवय करा. घाईत बोल्ट अर्धाच मागे ओढला की रिकामं टोपण बाहेर पडत नाही किंवा नवं काडतूस चढत नाही. दुसरी गोळी कधी लागेल ते सांगता येत नाही, हे मला विचारा.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण आपल्या लोकांसाठी रायफलीपेक्षा महत्त्वाचा आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला रायफल घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरायचा, राज्य पोलिसांकडून तिथल्या तिथे पडताळणी होते. त्यातला प्रत्येक प्रश्न वाचून उत्तर द्या, खोटं उत्तर हा फेडरल गुन्हा आहे. गांजाचा प्रश्न विशेष जपून वाचा. राज्याचं वैद्यकीय कार्ड असलं तरी फेडरल कायद्याच्या लेखी ते चालत नाही. दुसऱ्यासाठी म्हणून आपल्या नावावर बंदूक घेऊ नका, मित्र कितीही जवळचा असो. आणि हे विसरू नका की नागरिक नसलेल्या माणसाला बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर प्रकरण दंडावर थांबत नाही, देशाबाहेर काढण्यापर्यंत जाऊ शकतं.

एच-१बी किंवा इतर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. त्यातला नेहमीचा अपवाद असा की त्याच्याकडे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना हवा. बाळगणं याचा अर्थ विकत घेणं एवढाच नाही, हातात धरणंही त्यात आलं. दरवर्षी उन्हाळ्यात कुणाचे तरी आई-बाबा किंवा सासू-सासरे येतात, सासरेबुवा एनसीसीत होते, ‘जावईबापू, एक बार काढू द्या की’ म्हणतात, आणि जावई प्रेमाने रेंजवर नेतो. पर्यटक व्हिसावर, परवाना नसताना. यात दोघेही अडचणीत येऊ शकतात. त्यांना नायगारा दाखवा.

परवान्यासाठी पहिल्यांदा शिकारी-प्रशिक्षणाचा कोर्स करावा लागतो. ऑनलाइनही होतो, पण तुमच्यासारख्याने वर्गात बसूनच करावा, कारण तिथे रायफल हातात देतात आणि कुंपण ओलांडताना ती कशी उतरवून ठेवायची हे करून घेतात. इथल्या रहिवाशाला वर्षाचा परवाना वीस-एकवीस डॉलरला पडतो. त्यावर नर मिळतो. मादीसाठी त्या त्या विभागाचं वेगळं तिकीट काढायचं. हे तिकीट पूर्वी गुलाबी पाकिटात अर्ज घालून काउंटी खजिनदाराला पाठवावं लागायचं, २०२३पासून ऑनलाइन झालं. जुने लोक अजून त्या गुलाबी पाकिटासाठी हळहळतात, मला त्यात हळहळण्यासारखं काही दिसत नाही. रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. २०१९पूर्वी तो सोमवारी सुरू व्हायचा आणि कित्येक गावांत त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची. डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच भडक केशरी कपडा अंगावर, वस्तीच्या इमारतीपासून १५० यार्डांच्या आत तिथल्या माणसाच्या परवानगीशिवाय बार नाही, आणि गाडीत रायफल कायम रिकामी. गाडी उभी असली तरी रिकामी.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण रायफलीआधी तो सुटायला हवा: घरात हे मांस शिजणार आहे का? एका नराचंच चाळीस-पन्नास पौंड मांस सहज निघतं. आमच्याकडे पहिल्या वर्षी फ्रीझरवरून अबोला झाला होता. मग मालवणी मसाल्यात कुकरला चार शिट्ट्या जास्त दिल्यावर अबोला सुटला. एकच सांगतो, हरणाची चरबी सगळी काढून टाका, ती गार झाली की टाळूला मेणासारखी चिकटते, आणि लोक त्यालाच रानटी वास म्हणतात. कापून पॅक करून देणारे कसाई दीडशे डॉलरच्या आसपास घेतात. राज्यात २०१२पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग सापडतो आहे. रोगाच्या विभागात शिकार केलीत तर डोकं तपासणीच्या पेटीत टाकायचं, निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्येच ठेवायचं, रोग निघाला तर फेकून द्यायचं. खायचं नसेल तरी हरकत नाही, अन्नछत्रांना मांस पोहोचवणारी ‘हंटर्स शेअरिंग द हार्व्हेस्ट’ ही संस्था इथे १९९१पासून आहे.

आणि गावाकडे फोनवर बढाई मारताना जपून. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. इथे पेनसिल्व्हेनियात मात्र दरवर्षी चार लाखांच्या आसपास हरणं परवान्यावर मारली जातात आणि तरी बागेतली झाडं ती खातातच. माझ्या चुलतभावाला हे अजून पटत नाही, त्याच्या लेखी मी भेकरं मारणारा गुन्हेगार.

रायफल घरी आल्यावर ती कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात. दिवाळीला जमलेल्या मंडळींत एक तरी ‘दाखव ना’ म्हणणारा असतोच. नाही म्हणायला शिका. रानातून थेट गरम घरात आणली की तिच्यावर दव धरतं, तासाभराने नळीला गंजाचा लालसर हात लागतो. गॅरेजमध्ये पेटीत बंदच ठेवा, दोन-तीन तासांनी उघडून पुसा, नळीतून तेलाचा बोळा फिरवा. स्वस्त रायफलीचा मुलामा साधा असतो, तिला हे जास्त लागतं.

शेवटी, सहकारी स्वतःची जुनी रायफल तुम्हाला तीनशेत देतो म्हणाला आहे, ते. वाईट नाही. पेनसिल्व्हेनियात दोन खासगी माणसांना लांब नळीची बंदूक दुकानाशिवाय विकता-घेता येते, पण तुम्ही दुकानातूनच नावावर करून घ्या. थोडे डॉलर जातील, कागद राहील. नळीत मागून उजेड टाकून बघा, खड्डे दिसले तर सोडा. नळीच्या तोंडाची कड कुठे ठेचलेली नको. बोल्टवर क्रमांक असेल तर तो रायफलीवरच्याशी जुळतो का बघा. रेमिंग्टन ७०० असेल तर विशेष बघा: २००६ ते एप्रिल २०१४ दरम्यान बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ साली परत बोलावल्या होत्या, कारण चापाला हात न लावता बार उडण्याची शक्यता होती. दुरुस्ती झाली आहे का, हे विचारा. मग सेफ्टी लावून चाप ओढा, बोट काढा, सेफ्टी सोडा. रिकाम्या रायफलीतून ‘टक्‌’ असा आवाज आला तर ती त्याची त्यालाच राहू द्या. हे सगळं ठीक निघालं तर घ्या, आणि स्कोप बसवायच्या आधी बेसचे स्क्रू काढून पुन्हा आवळा. त्याने आवळलेत असं तो सांगेल, तरी.